मागच्याला दिसतं का?

रविवारची दुपार. मेसला फीस्ट झालेली, त्यामुळे अर्धं हॉस्टेल आडवं आणि उरलेलं अर्धं पार्किंगमध्ये उभं. कारण आमच्या पार्टनरची गाडी आली होती. गाडी म्हणजे त्याच्या वडिलांनी घेतलेली सेकंडहँड पांढरी स्विफ्ट. एरवी ती इंदापूरकडे घरीच असते, पण त्या आठवड्यात आमच्याच बॅचच्या एका मित्राच्या बहिणीची हळद इंदापूरला होती, म्हणून पार्टनर ती बारामतीला घेऊन आला होता.

"हळदीला जायच्या आधी हिच्या मागच्या लाईटी काळ्या करायच्या," त्यानं जाहीर केलं. हातात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला काळ्या मॅट रंगाचा स्प्रेचा डबा, मास्किंग टेपचं एक बंडल आणि मेसच्या टेबलावरची जुनी वर्तमानपत्रं. आमच्यात एक इलेक्ट्रिकलवाला होता, तो म्हणाला, "आरं पण लाईट कशाला असती?" त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. मीही त्यात होतो हे आधीच सांगून टाकतो.

ही फॅशन काही बारामतीत जन्मलेली नाही. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आला आणि गाडी खाली दाबणं, मागे भलामोठा स्पॉयलर लावणं, दिवे काळे करणं हे सगळं जगभरच्या पोरांच्या डोक्यात बसलं. काळपट केलेल्या दिव्यांना 'स्मोक्ड' म्हणतात. पांढऱ्या गाडीवर ते दिसतंही भारी, खोटं कशाला बोलू.

आता करतात कसं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. दिवा साबणाच्या पाण्यानं धुवायचा, पुसून कोरडा करायचा. भोवतीच्या पत्र्याला मास्किंग टेप आणि कागद लावायचा. डबा दोन मिनिटं खळखळ हलवायचा, आतली गोळी वाजली पाहिजे. मग वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवून, हात न थांबवता, अगदी हलका फवारा मारायचा. याला 'धूळ मारणं' म्हटलं तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, दुसरा हात. पुन्हा थांबायचं, तिसरा हात. हात थांबला की ओघळ आलाच. शेवटी चमक हवी असेल तर वरून क्लिअर लॅकर.

इथे एक गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. दिव्यांसाठी मिळणारा स्मोक स्प्रे आणि साधा काळा रंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्मोक स्प्रे पारदर्शक असतो, गॉगलच्या काचेसारखा. साध्या काळ्या रंगात काजळीसारखे बारीक घन कण असतात, ते प्रकाश आरपार जाऊच देत नाहीत. मग हलका फवारा मारल्यावर दिवा दिसतो कसा? तर ठिपक्या-ठिपक्यांच्या मधून. म्हणजे आपण दिव्यापुढे चाळणी लावतो, आणि प्रत्येक हाताला चाळणीची भोकं बुजत जातात.

आम्ही तीन हात मारले. संध्याकाळी लाईट लावून बघितली, मोबाईलवर फोटो काढला, स्टेटसला टाकला. फोटोत दिवा लालबुंद दिसत होता. "बघ की, काय फरक पडलाय?" पार्टनर इलेक्ट्रिकलवाल्याला म्हणाला. हा फोटोचा पुरावा किती फसवा असतो ते नंतर कळलं. अंधारात मोबाईलचा कॅमेरा एक्स्पोजर आपोआप वाढवून घेतो, मंद दिवासुद्धा झगझगीत दाखवतो. दिवा तपासायचा तर फोटो अजिबात ग्राह्य धरू नये.

दोन दिवसांनी हळद. गाडीत पाच जण कोंबले, मी आणि अजून एक जण मागून माझ्या मोटारसायकलवर. बारामतीहून इंदापूरला जाणारा हा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा रस्ता, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत जाणारा. दिवाळी होऊन गेलेली, कारखाने पेटलेले, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. इंदापूर बारामतीच्या पूर्वेला, त्यामुळे मावळतीचं ऊन आमच्या पाठीवर आणि पुढच्या स्विफ्टच्या थेट मागच्या अंगावर.

भवानीनगरच्या अलीकडे एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळत होता. पार्टनरनं ब्रेक मारला. मला ब्रेक लाईट दिसलीच नाही. मला दिसलं ते एवढंच की गाडी मोठी होत चाललीये. एक क्षण मेंदू म्हणतो, वेग कमी झाला असेल जरा. दुसऱ्या क्षणी कळतं की ती उभी आहे. मी मोटारसायकल डावीकडे साईडपट्टीवर घातली, मुरमावर घसरलो आणि बाभळीच्या जरा अलीकडे थांबलो. कोणाला खरचटलंही नाही. मागे बसलेला मित्र उतरून म्हणाला, "मला वाटलं तू झोपलास." पार्टनर तर गाडीतून उतरून माझ्यावरच ओरडला, "ब्रेक मारला की मी! लाईट दिसत नाही का?"

नाही दिसली, राव. हळदीच्या मांडवात बसून त्याच्यावर आमचा जो वाद झाला, त्यातूनच हा लेख तयार झाला आहे. थर्ड इयर मेकॅनिकलच्या अकलेप्रमाणे लिहितो, सरांनी चुका काढाव्यात.

पहिला प्रश्न, उन्हात काय झालं? ब्रेक लाईट दिसते ती तिच्या स्वतःच्या उजेडामुळे नाही, भोवतालपेक्षा ती उजळ असते म्हणून. बल्बचा प्रकाश आतून बाहेर येताना रंगाच्या थरातून गाळला जातो, कमी होतो. पण सूर्याचा प्रकाश बाहेरून येऊन वरच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो, त्याला थरातून जावंच लागत नाही. म्हणजे सिग्नल कमी झाला आणि गोंगाट तेवढाच राहिला. त्यात आमचा रंग मॅट, म्हणजे उन्हात त्याच्यावर करड्या उजेडाचा एक पातळ पडदाच पसरलेला. कम्युनिकेशनच्या पेपरात ज्याला सिग्नल टू नॉईज रेशो म्हणतो आणि जो आपण पाठ करून विसरतो, तो हाच.

दुसरा प्रश्न, "थोडासाच तर काळा केलाय" म्हणजे किती? समजा एक हात मारल्यावर ७० टक्के प्रकाश बाहेर येतो. दुसऱ्या हातानंतर ७० वजा ३० असं होत नाही, ७० टक्क्यांचे ७० टक्के होतात, म्हणजे ४९. तिसऱ्या हातानंतर ३४. दोन-तृतीयांश प्रकाश गेला! पण आपल्या डोळ्याची गंमत अशी की तो उजेड असा सरळ मोजत नाही. कानासारखाच तो गुणोत्तरात चालतो. निम्मा प्रकाश गेला तरी "जरासा मंद" एवढंच वाटतं. म्हणून तिसरा हात मारताना सुद्धा पार्टनरला वाटत होतं की अजून एक बसेल.

आता खरे आकडे. गाडीच्या दिव्यांची तीव्रता कॅंडेलात मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या ७ नंबरच्या नियमावलीत मागच्या साध्या लाल दिव्याला सरळ मागच्या दिशेनं किमान ४ कॅंडेला आणि ब्रेक लाईटला किमान ६० कॅंडेला ठरवून दिले होते. साध्या दिव्याला वरचीही मर्यादा असते, सुधारित आवृत्तीत ती १७ च्या घरात आहे. म्हणजे मुद्दाम अंतर ठेवलंय. १७ पर्यंत असेल तर 'गाडी आहे', ६० आणि वर असेल तर 'गाडी थांबतेय'. काठावर पास झालेली ६० कॅंडेलाची ब्रेक लाईट घ्या आणि तिच्यावर आमचे तीन हात मारा: ६० चे ३४ टक्के, म्हणजे साधारण २०. शेजारच्या गाडीच्या नुसत्या साध्या दिव्याच्या जवळपास! रात्री मागच्या माणसाच्या डोळ्याला ती ब्रेक लाईट वाटणारच नाही.

पार्टनरचा युक्तिवाद मात्र मानला पाहिजे. तो म्हणाला, "साधा दिवाही तेवढाच मंद झालाय ना? मग दोन्हीतला रेशो तोच." बरोबर आहे. त्याच नियमावलीत दोन्ही दिवे एकाच जागी असतील तर ब्रेकची तीव्रता किमान पाचपट असावी असंही आहे, आणि रंगानं तो रेशो बिघडत नाही. पण हे तुझी गाडी एकटीच रस्त्यावर असेल, रात्र असेल, आणि मागचा माणूस ब्रेकच्या आधीपासून तुझ्याकडे टक लावून बघत असेल तर. दिवसा साधा दिवा लावलेलाच नसतो, मग रेशो कशाशी घ्यायचा? यावर तो जिलेबी खात गप्प बसला.

अंतराचंही बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०५ वा नियम म्हणतो की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, म्हणजे तीव्रता ३४ टक्के झाली की दिसण्याचं अंतर तिच्या वर्गमुळाइतकं, साधारण ५८ टक्के होतं. १५५ मीटरला कसाबसा दिसणारा दिवा आता ९० मीटरला दिसेल. मागून ताशी ८० नं येणारा माणूस सेकंदाला २२ मीटर कापतो. गेलेले ६५ मीटर म्हणजे त्याचे जवळजवळ तीन सेकंद. तीन सेकंदात पायाला ब्रेक सापडतो, गिअर पडतो, शिवीसुद्धा देऊन होते. आणि हे स्वच्छ हवेत. भिगवण-पळसदेवच्या बाजूला उजनीच्या पाण्यावरून थंडीत पहाटे धुकं येतं, तेव्हा हे वर्गमुळाचं गणितही उदार ठरतं, कारण धुकं दर मीटरला आणखी प्रकाश खात असतं.

पण मला या सगळ्यात सगळ्यात जास्त धक्का बसला तो दिव्याचा नाही, रिफ्लेक्टरचा. मागच्या लाईटच्या काचेत (काच म्हणतो आपण, असतं ते प्लॅस्टिक) बऱ्याच गाड्यांत एक चौकोनी खवलेदार भाग असतो. काही गाड्यांत तो खाली बंपरवर वेगळा असतो. त्याच्या मागे बल्ब नसतो. जवळून बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. ती नक्षी नाही, तो एक-एक खोलीचा कोपरा आहे. तुमच्या रूमच्या कोपऱ्यात, जिथे दोन भिंती आणि फरशी मिळतात, तिथे रबरी चेंडू जोरात फेकून बघा (रेक्टर सरांची वेळ चुकवून). तिन्ही बाजूंना लागून तो बहुतेक वेळा तुमच्याकडेच परत येतो. प्रकाशाचंही तसंच. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांवर आपटला की तो ज्या दिशेनं आला त्याच दिशेनं परत जातो, तिरका आला तरी. म्हणून मागच्या गाडीचा हेडलाईट थेट मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्याकडे परत येतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी असेच शंभर कोपरे एका चौकटीत बसवून चंद्रावर ठेवले. त्यावर पृथ्वीवरून लेसर मारून चंद्राचं अंतर मोजतात. स्विफ्टच्या मागेही तेच तत्त्व, फक्त लाल.

हा रिफ्लेक्टर कधी कामाला येतो? जेव्हा बाकी सगळं बंद असतं. बॅटरी उतरली, वायर तुटली, रात्री गाडी सोलापूर हायवेच्या कडेला बंद पडली. तेव्हा तुमच्याकडे स्वतःचा उजेड शून्य असतो, मागच्याच्याच उजेडावर तुम्ही जगता. आणि इथे रंगाचा थर दोनदा आडवा येतो, प्रकाश आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा. ३४ टक्क्यांचे ३४ टक्के, म्हणजे १२ टक्केही नाही. आधीच उसना उजेड, त्यातला आठ भागांतला सात भाग आम्ही अडीचशे रुपयांच्या डब्यानं गिळला होता. (गणितवाल्यांसाठी: रिफ्लेक्टरचा उजेड अंतराच्या चौथ्या घातानं कमी होतो, त्यामुळे दिसण्याचं अंतर इथेही ५८ टक्क्यांवरच येतं. पण मुळातच जे अंधुक, त्याला शिल्लक कुठली!)

उसाच्या ट्रॉल्यांवरून आपण सगळेच शिव्या घालतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला हंगामात रात्री गाडी चालवलेल्याला माहीत आहे. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या वाढ्याखाली झाकलेला किंवा चिखलानं माखलेला. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना, टायरगाड्यांना रेडियम लावायची मोहीम निघते. आता हा 'रेडियम' शब्द बघा. १८९८ साली क्युरी पती-पत्नींनी शोधलेलं रेडियम आणि आपल्या नंबरप्लेटवाल्याकडचं रेडियम यांचा काही संबंध नाही. पूर्वी घड्याळाच्या काट्यांना खरंच रेडियमचा रंग लावत, ते अंधारात आपणहून चमकायचे, तिथून हे नाव चिकटलं. आपली पट्टी आपणहून चमकत नाही. तिच्यात एकतर काचेचे बारीक मणी असतात किंवा हेच बारके कोपरे. तिला कोणीतरी उजेड द्यावा लागतो. तर मुद्दा असा, की ट्रॉलीवाल्याकडे दिवा नाही म्हणून आपण बोंब मारतो, आणि आम्ही कंपनीनं दिलेला दिवा पैसे घालून घालवला होता.

कायद्याचं थोडक्यात. वसतिगृहात एक समज असा आहे की काळ्या काचांवर बंदी आहे, लाईटींवर नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मबद्दल आदेश दिला तो खिडक्यांच्या काचांचा होता, हे खरं. पण दिव्यांचा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, वर सांगितलाच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १८२-अ कलम आलं. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे पार्टनरचे वडील! हे वाक्य ऐकल्यावर मात्र तो खरा हलला. कॅंडेला वगैरे राहू द्या.

मग काढायचं ठरलं. आणि इथे आम्ही दुसरा गाढवपणा केला. कोणीतरी सुचवलं, थिनर. फडक्यावर थिनर घेऊन डाव्या दिव्यावर घासला. रंग निघाला, पण खालचं प्लॅस्टिक पांढुरकं, चिकट झालं आणि त्यावर केसासारख्या बारीक चिरा आल्या. मागच्या दिव्याची काच बहुतेक गाड्यांत ॲक्रिलिकची असते. नायट्रोसेल्युलोज थिनरमधली द्रावणं ॲक्रिलिकला विरघळवतात, आणि साच्यातून काढताना प्लॅस्टिकमध्ये जो ताण अडकून राहिलेला असतो तो अशा वेळी चिरा होऊन बाहेर पडतो. मटेरियल सायन्सला हा प्रश्न आला असता तर मी दहापैकी आठ मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. प्रत्यक्षात फडकं माझ्याच हातात होतं.

उजवा दिवा वाचला तो एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांमुळे. त्यांनी डावा दिवा हातात धरून उन्हाकडे केला, आमच्याकडे बघितलं, आणि विचारलं, "इंजिनिअर का?" पुढे काही बोलले नाहीत, कामाला लागले. पद्धत साधी आहे. वॉटर पेपर पाण्यात भिजवायचा. ८०० नंबरनं रंग उतरवायचा, मग १०००, १५००, २००० असं चढत जायचं, सतत पाणी मारत, एकाच दिशेनं. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे काढतो. मध्ये एक नंबर गाळला तर ते ओरखडे शेवटपर्यंत दिसतात. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मऊ कापड. दीड तास हात दुखेपर्यंत घासल्यावर उजवा दिवा पुन्हा लाल झाला. डावा नवीनच घ्यावा लागला. त्याचे पैसे आम्ही चौघांनी वाटून भरले, आणि त्या महिन्यात चहा टपरीवर उधार होता.

ज्यांना अजून खाज आहे ते विचारतील, काळ्या काचेत जास्त वॅटचा बल्ब टाकला तर? मूळचा बल्ब दोन फिलामेंटचा, साधा दिवा ५ वॅट आणि ब्रेक २१ वॅट. होल्डर, वायर आणि प्लॅस्टिक त्याच उष्णतेसाठी बनवलंय. मोठा बल्ब टाकलात तर होल्डर वितळतो, काचेला फोड येतो. नुसता एलईडी बल्ब टाकूनही भागत नाही, कारण आतला परावर्तक फिलामेंटच्या जागेच्या हिशेबानं कोरलेला असतो. प्रकाश दुसरीकडून आला की भलतीकडेच जातो. कंपनीनं मुळातच एलईडीचा बनवलेला दिवा ही गोष्ट वेगळी. तो साध्या बल्बपेक्षा साधारण पाचव्या भाग सेकंदानं लवकर पेटतो, कारण फिलामेंट तापायला वेळ घेतं. ८० च्या वेगाला तेवढ्यात मागची गाडी चार-साडेचार मीटर पुढे आलेली असते. आणि काही कंपन्या स्वतःच काळपट दिसणारे दिवे देतात ना? देतात. पण ते तीव्रतेच्या चाचणीत पास होऊन येतात, आपल्याकडे पुण्यात एआरएआयमध्ये अशा चाचण्या होतात. आम्ही चाचणी केली ती मोबाईलच्या स्टेटसवर.

तुमच्याही गाडीच्या लाईटी कधी बघायच्या असतील तर दुपारी बघा. गाडीची मागची बाजू उन्हाकडे करा, एकाला ब्रेकवर पाय ठेवून-सोडून करायला सांगा आणि तुम्ही शंभर पावलं मागे जा. तो कधी पाय ठेवतो हे तुम्हाला न चुकता ओरडून सांगता आलं पाहिजे. रात्री लाईट बंद ठेवून मागच्या गाडीच्या उजेडात रिफ्लेक्टरही बघून घ्या.

त्या डब्यात थोडा रंग उरला होता. त्यातून आमच्या विंगच्या सगळ्या बादल्यांवर रूम नंबर टाकून झाले, त्यामुळे बाथरूममधली भांडणं तरी मिटली. पार्टनरच्या चुलत्यांचा ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर आहे. मागच्या सुट्टीत आम्ही दोघं त्यांच्याकडे लाल रेडियमचा रोल घेऊन गेलो. नाना म्हणाले, "दरवर्षी लावतो, दरवर्षी पडतं." बघितलं तर चिखलावरच चिकटवलेलं. आधी पत्रा रॉकेलच्या फडक्यानं पुसला, मग साबणाच्या पाण्यानं, कोरडा केला, आणि पट्टी वाढ्याच्या खाली न येता चेसिसच्या कडेला लावली. अजून टिकून आहे.